रेस्टॉरंटमधला खास दिवा आधी टेबलासाठी घडवावा

आपल्याकडच्या रेस्टॉरंटच्या सजावटीत प्रकाशयोजना बहुधा सर्वांत शेवटी आणि उरलेल्या पैशांत उरकली जाते. छतात ठरावीक अंतरावर डाउनलाइट बसतात आणि ‘कस्टम’ म्हणून काही करायचेच असेल, तर सेल्फीची सोय व्हावी म्हणून प्रवेशद्वारापाशी एक अवाढव्य झुंबर टांगले जाते. माझ्या मते खास घडवून घेतलेल्या दिव्यावर पहिला हक्क टेबलाचा, म्हणजे ताटाचा आणि समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा आहे.

डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसन यांनी कोपनहेगनमधील लांगेलिनी पॅव्हेलियन या रेस्टॉरंटसाठी १९५८ मध्ये घडवलेला ‘आर्टिचोक’ दिवा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या ७२ पात्या १२ ओळींत अशा रचल्या आहेत, की कोणत्याही बाजूने पाहिले तरी आतला बल्ब दिसत नाही आणि पात्यांवरून परतलेला मऊ उजेड तेवढा खाली येतो. दिवा देखणा आहेच, पण ते देखणेपण डोळ्यांवर तिरीप येऊ न देण्याच्या हट्टातून आलेले आहे.

आपल्या जेवणाच्या बाबतीत तर प्रकाशाचा रंग फारच महत्त्वाचा. तांबड्या रश्श्यावरचा कट साध्या एलईडीखाली विटकरी आणि निस्तेज दिसतो, आणि त्याचा दोष विनाकारण आचाऱ्याच्या माथी बसतो. खोक्यावर छापलेला ८० हा सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी सरासरी आकडा) पाहून खरेदी करणाऱ्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसते, की ती सरासरी आठ फिकट रंगांवरून काढलेली असते. गडद तांबड्याचा ‘आर ९’ हा आकडा वेगळा असतो आणि तो मागून घ्यावा लागतो. २७०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचा उबदार, म्हणजे पिवळसर प्रकाश, ९० च्या वरचा सीआरआय आणि चांगला आर ९ एवढे साधले, तरी ताटाचे रूप पालटते.

डिमरचेही तसेच आहे. जुना पिवळा बल्ब मंद केला की अधिक तांबूस होत जाई. साधा एलईडी मंद केला तरी रंग तोच राहतो, त्यामुळे खोली उदास वाटते. मंद होताना रंगही उबदार करणारे एलईडी मिळतात, पण ते महाग असल्याने यादीतून पहिल्यांदा तेच कापले जातात. (मेन्यूकार्ड वाचायला आजोबांना मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो, त्या काळोखाला वातावरणनिर्मिती म्हणणे मला मान्य नाही.)

टेबलावरचा लोंबता दिवा पृष्ठभागापासून साधारण अडीच फुटांवर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र आपल्याकडे रविवारी दहा-बारा जणांचे कुटुंब येते, वेटर तीन टेबले जोडतो, आणि मोठ्या हौसेने टांगलेला दिवा वाढणाऱ्याच्या कपाळाशी येतो. म्हणून असे दिवे घडवून घेताना छताला ट्रॅक आणि वायरीला पुरेशी लांबी ठेवून ते सरकवण्याची व उचलण्याची सोय आराखड्यातच मागून घ्यावी. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर ती करायला बराच जास्त खर्च येतो.