नकार द्यायचा असेल तर लिहून द्या

गोव्यातल्या बातम्या रोज सकाळी ट्रेनमध्ये वाचतो आणि हल्ली प्रत्येक दुसऱ्या बातमीत एकच शब्द दिसतो, विरोध. डोंगरकापणीला विरोध, मेगा प्रोजेक्टला विरोध, 39ए ला विरोध. ज्यांनी हे प्रकरण फॉलो केलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगच्या कायद्यात 2023 मध्ये 17 कलमाला एक पोटकलम जोडलं, रीजनल प्लॅनमधल्या, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणाऱ्या आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करायच्या म्हणून भाटाची म्हणजे बागायतीची, शेताची जमीन सेटलमेंट म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये जायला लागली, मार्च 2025 मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले, आणि त्याआधीच 2024 मध्ये त्याच कायद्यात 39ए हे कलम आलेलं होतं, त्याच्याखालीही झोन बदलता येतो, फक्त 30 दिवस लोकांकडून सूचना मागवायच्या असतात. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं म्हणणं वेगळं आहे, आपण विरोध भरपूर करतो पण समोरच्याकडून ‘नाही’ हा शब्द कागदावर घेत नाही, आणि त्यामुळे जिंकलेली लढाई पुन्हा पुन्हा लढायला लागते.

इथे इंग्लंडमध्ये राहून मला हे जास्त जाणवायला लागलं, कारण इथली सरकारी इंग्लिश नकाराच्या बाबतीत फार काटेकोर आहे. व्हिसाचंच घ्या. अर्ज ‘रिजेक्ट’ झाला म्हणजे फी भरली नाही, फॉर्म चुकीचा, अर्ज वैधच नव्हता, त्यांनी तो उघडून विचारात घेतलाच नाही. ‘रिफ्यूज’ झाला म्हणजे वाचला, तपासला आणि कारणं देऊन नाही म्हटलं. आपल्याकडे दोन्हीला ‘व्हिसा रिजेक्ट झाला’ म्हणतात आणि पुढच्या अर्जात मागचा इतिहास भरताना पोरांची तारांबळ उडते. लग्नाचं आमंत्रण ‘डिक्लाइन’ करतात, तिथे ‘रिफ्यूज’ म्हटलं तर भांडण झालंय असं वाटेल. आणि ‘डिनाय’ची तर दोन कामं, आरोप केला तर इन्कार, हक्क मागितला तर तो न देणं.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही, आपल्या लोकांचं आयुष्य यावर अडकलेलं मी बघितलंय. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, त्या वाटेने इंग्लंडमधल्या स्विंडनला आलेले गोंयकार किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, मग भारतीय पासपोर्ट ‘सरेंडर’ करायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि त्यावर ओसीआय कार्ड मिळवायचं. मध्यंतरी लोकांच्या हातात सरेंडरच्या जागी ‘रिव्होकेशन’ पडायला लागलं, म्हणजे तुम्ही परत दिला नाही, आम्ही तो रद्द केला, तुम्ही माहिती लपवलीत. पासपोर्ट दोन्हीकडे गेलाच, पण दुसऱ्या कागदावर ओसीआय मिळेना, आणि ओसीआय नाही म्हणजे स्वतःच्या घरी चतुर्थीला जायलाही व्हिसा. एप्रिल 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रिव्होकेशनचा कागदही चालेल असं सांगितलं तेव्हा कुठे लोक सुटले. एका शब्दापायी एवढं.

आता गोव्याच्या सरकारांची भाषा बघा, कुठल्याही पक्षाची. एसईझेडच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या वेळी 31 डिसेंबर 2007 ला मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सगळे एसईझेड रद्द म्हणून जाहीर केलं. लोकांना वाटलं संपलं. पण ज्यांची अधिसूचना केंद्राने काढलेली होती ते नुसत्या घोषणेने जात नाहीत, त्यांना ‘डिनोटिफाय’ करावं लागतं, मग कंपन्या कोर्टात, जमिनीचा वाद, पैसे परत करायचे की नाही, दहा वर्षांनंतरही ते शेपूट वळवळत होतं. रीजनल प्लॅन 2021 चं तर अजून वेगळं, 2012 मध्ये पर्रीकर सरकारने तो ‘अबेयन्स’मध्ये ठेवला. अबेयन्स म्हणजे ना हो ना नाही. मंजूरही नाही, रद्दही नाही, आणि गंमत नव्हे, अतिशय गंभीर गोष्ट ही की त्याच प्लॅनमधल्या चुका दुरुस्त करतो म्हणून पुढे जमिनींचे झोन बदलले गेले. जो प्लॅन 2012 मध्येच एकतर नीट दुरुस्त करायला हवा होता किंवा स्पष्ट नाकारायला हवा होता, तो तसाच लटकत राहिला आणि त्याचा फायदा ज्यांना घ्यायचा त्यांनी घेतला.

सत्तरी तालुक्यातल्या मेळावलीत लोकांच्या विरोधानंतर जानेवारी 2021 मध्ये सरकारने आयआयटीसाठी ठरवलेली जागा मागे घेतली, तेव्हाही सत्तरीतल्या लोकांनी तोंडी आश्वासनावर विश्वास ठेवला नव्हता, लेखी मागितलं होतं. त्या बायाबापड्यांना जे कळलं होतं ते आम्हा शिकलेल्यांना कळत नाही असं मला कधीकधी वाटतं.

माझा चुलतभाऊ गावात असतो, ग्रामसभेला न चुकता जातो. मागे आमच्या शेजारच्या डोंगरावर रस्ता काढायला सुरुवात झाली तेव्हा त्याने ते काम थांबवा म्हणून एका सरकारी खात्यात अर्ज दिला. फोनवर मी विचारलं काय झालं रे, तर म्हणाला, ‘दादा, साहेब म्हणाले पळोवया’, म्हणजे बघूया. नंतर एका ओळीचं उत्तर आलं, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. आता या ओळीचं करायचं काय? रस्त्याला होकार आहे असं लिहिलं असतं तर कोर्टात आव्हान देता आलं असतं, भावाच्या अर्जाला नकार असता तर अपील करता आलं असतं. नोंद घेतली यावर काहीच करता येत नाही, आणि तेवढ्यात डोंगर अर्धा होतो.

इथे माझ्या गल्लीत एकाने घराच्या मागे दुमजली बांधकाम करायला अर्ज केला होता. दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद बांधला, अर्जाचा नंबर, शेवटची तारीख, 21 दिवस. आम्ही चार घरांनी हरकती पाठवल्या. निकालासोबत अधिकाऱ्याचा रिपोर्ट वेबसाइटवर आला, त्यात प्रत्येक हरकतीखाली उत्तर होतं. पार्किंगचा त्रास होईल, उत्तर, फारसा फरक पडत नाही. बांधकामाचा आवाज होईल, उत्तर, हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. आमच्या घराची किंमत कमी होईल, उत्तर, हा मुद्दा विचारात घेता येत नाही. शेजारच्या खोलीचा उजेड जाईल, उत्तर, मान्य. आणि खाली ‘रिफ्यूज’, कोणत्या धोरणाचा भंग होतो ते लिहून. ज्याचा अर्ज गेला त्याला अपील करायला जागा होती आणि आमचे तीन मुद्दे का टिकले नाहीत ते आम्हालाही समजलं. कौन्सिलने अशा अर्जावर आठ आठवड्यांत निर्णयच दिला नाही तर नकार मिळाला असं धरून अपील करता येतं, म्हणजे इथे गप्प बसण्यालाही उत्तर समजतात.

इथलं सगळं चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. परवानगी मिळाली असती तर आम्हा शेजाऱ्यांना अपीलच नव्हतं, अपील फक्त अर्जदाराला, बाकीच्यांनी खर्च करून कोर्टात जायचं. कमिटीपुढे बोलायला मिळालं तर साधारण तीन मिनिटं. आपल्या ग्रामसभेत रविवारी कुठलीही आजी उठून सरपंचाला उभा-आडवा विचारू शकते, हे इथल्या लोकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. ती ताकद मोठी आहे, फक्त ती हवेत जाते, कारण इतिवृत्तात ‘लोकांनी विरोध केला’ एवढंच उतरतं.

मराठीत तर शब्दांची ददात नाही. याचिका फेटाळतात, मागणी धुडकावतात, आरोपाचा इन्कार करतात, कामाला स्थगिती देतात, आणि आपल्याला सगळ्यात उपयोगी पडणारा शब्द हरकत. विरोध घोषणेत असतो, हरकत कागदावर, तिला मुद्दे असतात आणि उत्तर मागता येतं. म्हणून मी भावाला आता सांगितलंय, पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडशील तर सर्व्हे नंबर घालून मांड, हरकतीचे मुद्दे एक-दोन-तीन असे वेगळे लिही, इतिवृत्तात ते तसेच उतरलेत की नाही सही करायच्या आधी वाच, पंचायतीचा आणि खात्याचा इनवर्ड नंबर घे, आणि ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी माहिती हक्काखाली विचार की माझ्या पहिल्या मुद्द्यावर काय निर्णय झाला, कुणी घेतला, त्याची प्रत द्या.