स्टेरॉलचं दही प्या, पण गोळी बंद करू नका

‘रोज सकाळी उपाशीपोटी वनस्पती-स्टेरॉलयुक्त दह्याची एक बाटली प्या, आठ दिवसांत कोलेस्टेरॉल निम्मं. नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय शून्य. जितकं जास्त प्याल तितकं उत्तम. स्टॅटिनची गोळी बंद करा.’ हा मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. (स्टेरॉल म्हणजे वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ, आणि स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध.) तो धादांत खोटा असता तर दुर्लक्ष केलं असतं. पंचाईत अशी की त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या जिवावर बाकीचं सगळं खपतंय.

‘निम्मं होतं.’ नाही होत. रोज १.५ ते ३ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, साधारण ७ ते १२ टक्क्यांनी उतरतं. तेही आठ दिवसांत नव्हे, दोन-तीन आठवड्यांत. आणि पिणं थांबवलं की पुन्हा वर चढतं.

‘उपाशीपोटी प्या.’ हा सल्ला नेमका उलटा आहे. आतड्यात पित्ताच्या मदतीने चरबीचे अतिसूक्ष्म गोळे तयार होतात, त्यांना मायसेल म्हणतात. त्यात बसल्याशिवाय कोलेस्टेरॉलला आतड्याच्या पेशींपर्यंत पोचता येत नाही. स्टेरॉलची घडण जवळपास कोलेस्टेरॉलसारखीच, म्हणून ते त्या गोळ्यांत घुसून जागा अडवतं आणि कोलेस्टेरॉल शौचावाटे निघून जातं. आता पित्त आतड्यात उतरतं ते मुख्यतः जेवल्यावर. मग जागा अडवायची तर जेवणासोबतच प्यायला हवं.

याच मजकुराखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘मी अंडी-मांस खात नाही, मला याचा काय उपयोग?’ उपयोग आहे. आतड्यात येणारं कोलेस्टेरॉल फक्त ताटातून येत नाही. खाण्यातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास येत असेल, तर पित्तातून सुमारे १ ग्रॅम येतं. स्टेरॉल या दोन्हींचं शोषण अडवतं.

‘जितकं जास्त तितकं उत्तम.’ ३ ग्रॅमच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही. आतड्यातून कमी येतंय म्हटल्यावर यकृत स्वतःच जास्त कोलेस्टेरॉल बनवायला लागतं. चार बाटल्या पिऊन खिसा तेवढा हलका होईल.

‘नैसर्गिक.’ दुधात वनस्पतींचं स्टेरॉल मुळात नसतंच. ते बाहेरून घालतात. वनस्पती तेल शुद्ध करताना किंवा कागदासाठी पाइनच्या लाकडाचा लगदा करताना जे उरतं, त्यातून ते काढतात. यात वाईट काही नाही, पण ‘नैसर्गिक’ शब्दाचा रुबाब थोडा उतरतो. रोजच्या आहारातून स्टेरॉल मिळतं ते जेमतेम १५० ते ४०० मिलिग्रॅम, म्हणून तर वेगळं घालावं लागतं.

‘अपाय शून्य’ हेही तितकंसं खरं नाही. रक्तातलं बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते, थोडं घटतं, म्हणून सोबत भाज्या-फळं भरपूर हवीत. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हे पदार्थ योग्य नसल्याची सूचना युरोपात वेष्टनावर छापावी लागते. सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेल्यांनी तर यांच्या वाटेलाच जाऊ नये. एरवी शोषलेलं स्टेरॉल शरीर परत आतड्यात ढकलतं. या रुग्णांत तो पंपच बिघडलेला असतो, स्टेरॉल रक्तात साठतं आणि ऐन तारुण्यात हृदयविकार जडू शकतो.

आता ‘गोळी बंद करा.’ खरा धोका या तीन शब्दांत आहे. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मितीच रोखतं आणि मात्रेप्रमाणे एलडीएल ३० ते ५० टक्के खाली आणतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोर एस’ चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. स्टेरॉलयुक्त दह्यादुधाने हृदयविकाराचे झटके कमी होतात का, हे मोजणारी अशी मोठी चाचणी झालेलीच नाही.

गोळीसोबत मात्र स्टेरॉलची चांगली भर पडते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. स्टेरॉल तितकं किंवा थोडं अधिकच उतरवतं, कारण दोघांची कामाची जागा वेगळी. समजा, मुळात एलडीएल १६० आहे आणि गोळीने ते ४० टक्के उतरून ९६ वर आलंय. दह्याने १० टक्के उतरतं असं धरलं, तर सोबत हे दही घेतल्यावर ८६-८७ होईल. गोळी सोडून नुसतं दही प्यालात तर १४४.