‘रेणू मोजून रोगी बरा होत नाही’ या दाव्याला उत्तर

सध्या एक दावा खूप फिरतो आहे. त्याचा आशय असा: वैद्यकीय संशोधन म्हणजे रुग्णाजवळ केलेलं काम, पृष्ठविज्ञान, म्हणजे पृष्ठभागावर रेणू कसे बसतात ते मोजणं, ही निव्वळ चैन. ही मोजमापं जिथे होतात तो प्रयोगशाळेतला निर्वात (हवा काढून टाकलेली जागा) आणि चकाकता धातू शरीरात नसतो, आणि या मोजमापांनी आजवर एकही जीव वाचलेला नाही.

शेवटचं विधान आधी घेते, कारण ते सरळ खोटं आहे.

अपुऱ्या दिवसांची काही बाळं जन्मल्यावर थोड्याच वेळात धापा टाकू लागतात. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. विकाराचं कारण तोवर कळलं होतं, आणि ते कळलं होतं पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसवणारी ओढ, मोजणाऱ्या तराजूवर. 1957 मध्ये संशोधक जॉन क्लेमेंट्स यांनी दाखवलं की फुप्फुसातल्या द्रवाचा थर दाबला की त्याचा पृष्ठताण झपाट्याने उतरतो. 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांना आढळलं की या विकाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसातून काढलेल्या द्रवात हा गुण नाही. म्हणून पृष्ठताणाच्या ओढीने त्यांचे वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, प्रत्येक उच्छ्वासाला मिटत होते. पाण्यावरचे असे पातळ थर मोजायची वाट वैद्यकाने शोधलेली नव्हती. ॲग्नेस पॉकेल्स यांनी ती घरच्या घरी शोधली, त्यांचं काम 1891 मध्ये छापून आलं आणि रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ती पुढे नेली.

कारण कळलं तरी उपाय लगेच मिळाला नाही. या थरातला मुख्य मेदरेणू फवारून बाळांना देण्याचे साठच्या दशकातले प्रयत्न फसले. तो रेणू एकटा असला की शरीराच्या तापमानाला ताठर राहतो. सुमारे 41 अंशांखाली तो नीट पसरतच नाही. त्याला पसरायला इतर मेद आणि खास प्रथिनं लागतात. 1980 मध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेलं मिश्रण 10 बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं, आणि त्यांचा श्वास सुधारला. आज नवजात अतिदक्षता विभागात हे औषध नेहमीचं आहे. जीव वाचला नाही म्हणणाऱ्यांनी त्या विभागात विचारून पाहावं.

निर्वाताचा मुद्दा अर्धा खरा आहे. शरीरात निर्वात नसतो, आणि निर्वातातलं प्रत्येक निरीक्षण रुग्णाला लागू पडतही नाही. पण हवेत स्वच्छ धातू तिथल्या रेणूंनी क्षणात झाकला जातो. आधी उघडा पृष्ठभाग कसा वागतो हे पाहिल्याशिवाय त्यावर काय बसलं ते कळणार कसं? टायटॅनियमचंच पाहा. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. हाड तिथे उघड्या धातूला भिडत नाही, भिडतं ते धातूचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेल्या, काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थराला. तो थर तपासायची साधनं पृष्ठविज्ञानातूनच आली.

‘रुग्णाजवळचं काम वेगळं’ हेही टिकत नाही. इन्शुलिन सलाइनच्या नळीला आतून चिकटतं आणि रुग्णापर्यंत कमी पोहोचतं; म्हणून परिचारिका आधी थोडं द्रावण नळीतून वाहू देतात. प्रथिनांच्या याच चिकटपणाचा उपयोग एंगवाल आणि पर्लमन यांनी 1971 मध्ये एलायझा या, नमुन्यातले ठरावीक रेणू ओळखणाऱ्या, चाचणीसाठी केला.

आणि काम संपलेलं नाही. परका पृष्ठभाग रक्तात गेला की काही क्षणांत त्यावर प्रथिनं बसतात, मग एकमेकांना हटवत बदलत राहतात. हे लिओ व्रोमन यांनी साठच्या दशकात काचेवर पाहिलं. गुठळीची सुरुवात बऱ्याचदा याच थरात होते. हृदयात यांत्रिक झडप बसवलेला रुग्ण रक्त पातळ ठेवणारी गोळी आजही जन्मभर घेतो, कारण रक्त ज्याला मुळीच परकं मानणार नाही असा कृत्रिम पृष्ठभाग अजून कोणाला बनवता आलेला नाही.