दिवाळीचा चित्रपट यथासांग कसा पाहावा

दिवाळीच्या सुट्टीत लागणारा मोठा हिंदी चित्रपट हा पाहण्याचा नसून पार पाडण्याचा विषय आहे, हे एकदा मनाशी ठरवले की पुढचे सारे सोपे जाते. अभ्यंगस्नानाला कोणी कथानक विचारत नाही. यालाही विचारू नये.

मुहूर्ताबाबत मात्र चोखंदळ असावे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या नाशिकच्या मेन रोड आणि रविवार कारंजावरचा व्यापारी वहीपूजनात गुंतलेला असतो, घरोघरी पूजा असते आणि त्या दिवशी चित्रपटगृहांचा गल्ला पडतो, हे या धंद्यातल्या मंडळींना पक्के ठाऊक असल्यामुळे त्यांचा खरा डोळा पाडव्यावर असतो. आपणही पाडव्यालाच जावे, म्हणजे सकाळी मिळालेली ओवाळणी संध्याकाळपर्यंत घरात पडून राहत नाही. शंभर रुपयांपुढच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी लागतो, तोही आनंदाने भरावा. ज्या देशाला नायक शेवटच्या वीस मिनिटांत वाचवणार आहे, त्याच्या तिजोरीत आपलाही वाटा असलेला बरा. कधी कधी दोन मोठे चित्रपट एकाच दिवशी येतात, जसे 9 नोव्हेंबर 2007 रोजी आले आणि 1 नोव्हेंबर 2024 रोजीही आले. अशा वेळी घरात दोन तट पडतात, वडीलधारे मध्यस्थी करतात आणि अखेर ज्याची सलग सहा तिकिटे शिल्लक असतील तो चित्रपट सर्वांना पहिल्यापासूनच पाहायचा होता, असे निष्पन्न होते.

फराळाचा डबा मात्र घरीच ठेवावा. चित्रपटगृहाला बाहेरचे खाद्यपदार्थ नाकारण्याचा अधिकार आहे, परंतु पिण्याचे पाणी विनामूल्य द्यावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून घरी चार दिवस खपून केलेल्या चकल्या आणि शेव कपाटात ठेवून मध्यंतरात मक्याच्या लाह्यांसाठी रांगेत उभे राहावे, आणि लाह्यांची किंमत ऐकून घसा कोरडा पडला तर ते विनामूल्य पाणी प्यावे.

आता प्रत्यक्ष चित्रपटाविषयी. नायक पन्नाशी ओलांडलेला असला तरी त्याला नुकतीच नोकरी लागली आहे, हे मान्य करावे. पडद्यावर आधी त्याचा बूट येईल, मग पट्टा, मग गॉगल, आणि या तिन्ही वस्तूंना स्वतंत्र शिट्ट्या द्याव्यात. बर्फात तो लोकरीच्या कोटात आणि नायिका झिरझिरीत साडीत नाचू लागली की तिच्या प्रकृतीची काळजी करू नये. तो एकाच वेळी बाप आणि मुलगा असला तर नाशिककराने तरी कुरकुर करू नये. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1917 मध्येच ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांच्याकडून राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका करून घेतल्या होत्या. तशीही, फाळके आपल्या जिल्ह्याचे असल्यामुळे चित्रपटाविषयी शेवटचा शब्द आपला असतो, अशी येथे गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत सर्वांची समजूत आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. त्यांनी चित्रपट काढण्यासाठी विमा पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. आपल्याला सहकुटुंब चित्रपट पाहून आल्यावर हा इतिहास अधिक जवळचा वाटू लागतो.

सर्वाधिक तयारी लागते ती चित्रपटाच्या खेळकरपणाला दाद देण्यासाठी. हा चित्रपट स्वतःच स्वतःला हसतो. तर्काचा बोजवारा उडाला की एखादे पात्र पुढे येऊन ‘हे काय चालले आहे?’ असे विचारते, आणि तोच प्रश्न मनात घोळवत बसलेला प्रेक्षक एकदम निःशस्त्र होतो. पूर्वी न जमलेला प्रसंग फसलेला प्रसंग म्हणून ओळखला जाई. आता त्याला विडंबन म्हणतात, आणि ते ज्याला कळले नाही त्याला विनोदबुद्धी नाही असे ठरते. निर्मात्यांनी टीकेचा हा असा आगाऊ बंदोबस्त करून ठेवला आहे, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण चित्रपटात एवढ्याच एका गोष्टीवर कोणीतरी डोके चालवलेले दिसते. मध्येच दुसरा एखादा मोठा नट हेलिकॉप्टरमधून उतरतो, दोन वाक्ये बोलून, चार जणांना लोळवून निघून जातो. त्याचे कथेत काय काम होते, असे विचारणारा पुतण्या किंवा भाचा सोबत असेल, तर त्याला दोन्ही अंगांना मावश्या असलेल्या खुर्चीत बसवावे.

दाद किती द्यावी यालाही मर्यादा असावी. 12 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री, आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात चालू खेळात प्रेक्षकांनी चित्रपटगृहाच्या आतच फटाके फोडले; पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि खुद्द नायकाला ‘स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालू नका’ अशा आशयाचे आवाहन करावे लागले. एवढ्या निष्ठेची अपेक्षा कॉलेज रोडच्या प्रेक्षकाकडून कोणी करत नाही. त्याने भावनाप्रधान प्रसंगी मोबाइल पूर्ण उजेडात उघडून कामटवाड्याच्या काकूंना ‘आम्ही पिक्चरला आलोय’ एवढे मोठ्याने कळवले तरी पुरे.

बाहेर पडल्यावर पार्किंगमधून गाडी निघेपर्यंत भरपूर वेळ मिळतो. त्या वेळात कुटुंबाने एकमताने एक अभिप्राय ठरवावा, कारण सोसायटीच्या दाराशीच शेजारी ‘कसा आहे?’ म्हणून विचारणार आहेत. वाईट आहे असे सांगितले तर आपण एवढा खर्च का केला, याचे उत्तर द्यावे लागते. चांगला आहे असे सांगितले तर आपल्या अभिरुचीविषयी चर्चा होते. म्हणून ‘एकदा पाहायला हरकत नाही, पण मोठ्या पडद्यावरच बघा,’ असे गंभीरपणे सांगावे, आणि भाऊबीजेच्या खेळाला ते सहाही जण निघाले की गॅलरीतून हात हलवून त्यांना निरोप द्यावा.