बहात्तर सालच्या विहिरी

आमच्या घरात ‘बहात्तर’ एवढा शब्द उच्चारला की पुढे ‘दुष्काळ’ म्हणावे लागत नसे. मराठवाड्यातील बहुतेक घरांत हेच असावे. आजी खडी फोडायला जात असे, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी तिच्या घशाखाली उतरत नसे आणि कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणत असे. हे ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे त्या एका वर्षात महाराष्ट्रातील माणसे तग धरून राहण्यापलीकडेही पुष्कळ काही करत होती, पाणी, धान्य, काम आणि अब्रू या गोष्टी हक्काच्या म्हणून मागत होती, हे मला फार उशिरा, वाचनातून कळले.

१९७२ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्यासाठी विहिरीवर गेल्याच्या कारणावरून बौद्ध स्त्रियांना नग्न करून मारहाण करण्यात आली. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील बावड्याला संपूर्ण दलित वस्तीवर बहिष्कार घालण्यात आला. या बातम्या मुंबईच्या वस्त्यांत आणि वसतिगृहांत पोहोचल्या, तेव्हा निवेदने देऊन थकलेल्या तरुण लेखक-कवींनी, म्हणजे नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेच्या धर्तीवर दलित पँथर ही संघटना उभी केली. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव देशभर साजरा होत असताना या मुलांनी काळा स्वातंत्र्यदिन पाळला. त्याच सुमारास ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात ढाले यांचा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारा दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारा दंड त्यांनी शेजारी शेजारी ठेवले होते आणि दुसरा दंड पहिल्याहून कितीतरी कमी होता. गदारोळ झाला तो मात्र ध्वजाविषयीच्या त्यांच्या शब्दांवर. त्या भाषेवर आजही नाक मुरडणारे भेटतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की आधी ती घटना वाचावी आणि मग भाषेचा विचार करावा.

त्याच काळात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. मला ही चळवळ त्या वर्षाचा गाभा वाटते, कारण तिने प्रश्न अगदी साधा करून विचारला: तुमच्या गावात दलित कोणत्या विहिरीचे पाणी पितात? चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा ४५ वर्षे उलटली होती, अस्पृश्यता संविधानाने रद्द केली होती, तरीही कार्यकर्ते गावोगाव फिरले तेव्हा सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या विहिरी सर्वांच्या नाहीत, हे पुन्हा पुन्हा समोर आले. दुष्काळाने सर्वांना सारखेच पोळले, असे आपण सहज बोलून जातो. ते खरे नाही. ज्या गावात विहिरीच वाटून घेतलेल्या होत्या, तिथे आटलेल्या पाण्याची झळ सारखी कशी बसेल?

मुंबईत दुष्काळ महागाईच्या रूपाने आला. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरोधी समितीत एकत्र आल्या आणि तेल, साखर, रॉकेल, धान्य यांच्यासाठी हजारो गृहिणींना त्यांनी रस्त्यावर आणले. लाटणे मोर्चाची आठवण काढताना हल्ली लोक किंचित हसतात, याचे मला वाईट वाटते. जी वस्तू दिवसभर हातात असते, तीच घेऊन बाई मंत्र्याच्या दारात उभी राहिली, यात हसण्यासारखे काय आहे?

शहाद्याला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखालील भिल्ल शेतमजूर आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, ‘श्रमिक संघटने’त जमिनीसाठी व मजुरीसाठी लढत होते. तिथल्या आदिवासी स्त्रिया पुढे दारूचे गुत्ते फोडत गावोगाव फिरल्या.

रोजगार हमी योजनेचे श्रेय विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या दूरदृष्टीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती आणि काम द्या, पूर्ण मजुरी द्या म्हणून त्यांचे मोर्चे निघत होते, हेही त्याच इतिहासात आहे. ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वाचा कायदा १९७७ मध्ये झाला, तो या मागणाऱ्यांमुळेही झाला, असे माझे ठाम मत आहे. माझी आजी त्या लाखोंतील एक होती. पण आपण काही मिळवले असे तिला कोणी कधी सांगितले नाही.

बहात्तर सालीच २६ मार्चला विदर्भातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. त्या वेळी महाराष्ट्र तिच्यासाठी उठला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडल्यानंतर वसुधा धागमवार यांच्यासह चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, तेव्हा कुठे देशभर निदर्शने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अकरा वर्षे लागली.

आता या सर्वांची आठवण आपण घराघरांत वाटून घेतली आहे. पँथरची आठवण एका वस्तीत, लाटण्याची दुसऱ्या मेळाव्यात, शहाद्याची डाव्यांच्या शिबिरात आणि दुष्काळाची आमच्यासारख्यांच्या ओसरीवर. मीसुद्धा आजीला मिलोविषयी शंभरदा विचारले आणि विहिरीविषयी एकदाही विचारले नाही. ती गेल्यानंतर, गेल्या दिवाळीत, तिच्या धाकट्या जावेला विचारले की बहात्तरला खालच्या वस्तीतल्या बाया पाणी कुठून नेत होत्या. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “विहिरीपासून लांब बसायच्या त्या, घागरी घेऊन. आमच्यातलं कोणी वरून ओतलं तर ओतलं. दिवस कलला की कंटाळा यायचा गं ओतायचा.”