फरक घाटात कळतो

‘वीस वर्षांत छोट्या गाड्यांमध्ये फक्त स्क्रीन मोठी झाली, चालवणं तेच राहिलं’ हे गाड्यांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. आमच्याकडे २००७ची एक हॅचबॅक होती. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात चढावर पुढे ट्रक थांबला की माझे हात घामेजायचे. हँडब्रेक ओढायचा, क्लच अर्धा सोडायचा, इंजिनाचा आवाज जड झाला की हळूच हँडब्रेक खाली. जरा चुकलं की गाडी मागे, आणि मागे एसटी उभी! आता मुलीच्या २०२४च्या स्विफ्टमध्ये हिल होल्ड आहे. ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर जागीच राहते. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा, आणि सहा एअरबॅग तर या स्विफ्टच्या सगळ्याच मॉडेल्सना मिळतात.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही, हे मात्र खरं. २०२१च्या स्विफ्टचं चार सिलिंडरचं इंजिन ९० पीएस ताकदीचं होतं. २०२४ला तीन सिलिंडर आले, ताकद ८२ पीएसवर आली, मायलेज वाढलं. शहरात हे चालतं. पण चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना ओव्हरटेक करायचा तर मला आधीचंच इंजिन हवं.