जुलाबात ‘पाणी बंद’ करायला सांगणारा मेसेज

कृष्णेचं पाणी वाढलं की सांगलीत दोन गोष्टी ठरलेल्या: आयर्विन पुलावर गर्दी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आरोग्यसल्ले. सध्या फिरतोय तो असा: “कॉलरा कधीच संपला, आता होतो तो साधा गॅस्ट्रो. तुरटी फिरवली की पाणी शुद्ध. जुलाब लागले की पाणी बंद करा, पोट आपोआप बांधतं.” माझं मेडिकलचं दुकान आहे. काल चौघांनी हा मेसेज काउंटरवर दाखवला.

कॉलरा संपलेला नाही. आजी पटकी म्हणायची, तोच हा. ‘गॅस्ट्रो’ हे कुठल्या जंतूचं नाव नाही, उलटी-जुलाबाला सरसकट म्हणतात ते. कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, त्यातच लपतो. १९६१ साली इंडोनेशियातून निघालेली सातवी साथ जगात अजून चालू आहे.

तुरटीचं अर्धं खरं. हंड्यात चार वेढे दिले की गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं. जंतू मात्र त्यात राहू शकतात. त्यांना उकळी नाहीतर क्लोरीन लागतं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटी, मग वरचं पाणी गाळून क्लोरीनची गोळी, आणि अर्धा तास दम धरायचा.

‘पाणी बंद’ने मात्र माणूस जाईल. कॉलऱ्यात प्यालेलं पाणी नुसतं खाली उतरत नसतं. जंतूचं विष आतड्याला अंगातलंच पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लावतं. हे विष शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात दाखवून दिलं. घोटभरही प्याला नाहीत तरी तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतच राहतात, थांबते ती भरपाई. पण एक वाट त्या विषाला बंद करता येत नाही: साखर आत शिरताना मिठाला सोबत नेते, मागोमाग पाणी जातं. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजेच ओआरएस, ड्रममधून वाटलं. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर ४ च्या खाली आला.

परवा एक काकू मोठी ओआरएसची पुडी पेलाभर पाण्यात कालवून नातवाला पाजत होत्या. काकू, ती लिटरची आहे! दाट झालं तर जुलाब वाढतात. छोटी पुडी २०० मिलिलिटरची, वर छापलेलं असतं. पुडीच नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं द्या. डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोर मलूल पडलं, तर थेट दवाखाना. तिथं सलाईन लागतंच. वाटेत पाजणं चालू ठेवा.